झेब्रा फिंचच्या पिल्लांना जिवंत अळ्या लागतातच का?

मुलुंडची_माही | गुरुवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आमच्या गॅलरीत झेब्रा फिंचची एक जोडी आहे. लेकीच्या हट्टामुळे आणली आणि आता घरातल्या सगळ्यांचाच जीव तिच्यात गुंतलाय. परवा अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. आजवर राळे, बाजरी, थोडी वरी, कोथिंबीर-पालक आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा एवढ्यावर दोघं मजेत होती. पण पक्षी जिथून घेतले तो दुकानदार म्हणतो, आता जिवंत अळ्या दिल्या नाहीत तर नर-मादी पिल्लांना घरट्याबाहेर फेकून देतील. मीलवर्मचा डबाही पुढे केला त्याने. मी अजून घेतलेला नाही.

अडचण अशी की सासूबाईंचा चातुर्मास सुरू झालाय. या चार महिन्यांत आमच्याकडे अंडंही येत नाही, मग अळ्यांचा डबा फ्रीजमध्ये ठेवायची गोष्टच सोडा. त्यांच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही आणि पिल्लंही दगावू द्यायची नाहीत. ज्यांनी फिंच वाढवलेत त्यांनी कृपया सांगा: अळ्या खरंच लागतात का? लागत असतील तर कोणत्या आणि किती?

वसईचा_विनू | गुरुवार, रात्री १०.४०

अळ्या लागतातच. दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना किडेच भरवतात. चिमणीकडे बघा. एरवी तांदूळ टिपते, पण घरट्यात पिल्लं असली की दिवसभर चोचीत अळ्या घेऊन येते. आमच्या वाडीतल्या माडांवर सुगरणींची घरटी आहेत, त्यांचंही तेच, पिल्लांसाठी नाकतोडे. वाढत्या जिवाला प्रथिनं हवीत. दाण्यात ती किती असणार?

चहाबाज | गुरुवार, रात्री १०.५५

काहीच माहीत नाही, पण वाचतोय. पिल्लांचे फोटो टाका ना ताई.

रानवाट | गुरुवार, रात्री ११.३०

विनूदादा, चिमणी आणि सुगरणीबद्दल अगदी बरोबर. पण झेब्रा फिंच त्या घराण्यातली नाही. ती आपल्या मुनियांच्या कुळातली, आणि या कुळाची भरवायची पद्धतच वेगळी आहे. चिमणी अख्खी अळी चोचीतून आणून देते. झेब्राचे नर-मादी दाणे खातात, गळ्याच्या पिशवीत मऊ करतात आणि मग ते पिल्लाच्या घशात ओकतात.

मूळ ठिकाणी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात, पाऊस पडून गवत उगवलं की यांचा विणीचा हंगाम लागतो. पिल्लांचं मुख्य अन्न म्हणजे गवताचे कोवळे, दुधाळ दाणे. किडा मिळाला तर खातात, पण त्याच्यावाचून पिल्लं अडत नाहीत. गोल्डियन फिंचचंही साधारण असंच. बेंगालीज फिंच तर शेकडो वर्षं पिंजऱ्यातच वाढलेली जात.

दुकानदार जे सांगतो ते आफ्रिकेतल्या वॅक्सबिल गटाला लागू आहे. त्यातला कॉर्डन ब्लू पाळणाऱ्याला विचारा. त्यांची पिल्लं पहिल्या आठवड्यात बारीक जिवंत किडे मिळाले नाहीत तर सहसा जगत नाहीत, आणि आई-बाप पिल्लं टाकतात हेही त्यांच्याच बाबतीत जास्त दिसतं. "फिंच" या एका नावाखाली दुकानात सगळे एकाच ओळीत ठेवतात, त्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला लावला जातो.

झेब्राने पिल्लू फेकलं तर आधी इतर कारणं बघा. घरट्यात सारखं डोकावणं, पिल्लू आधीच मेलेलं किंवा अशक्त असणं, नाहीतर पहिली पिल्लं वाढत असतानाच मादीने नवा डाव मांडणं.

मुलुंडची_माही | शुक्रवार, सकाळी ७.०५

रानवाट, जीव भांड्यात पडला! पण नुसत्या कोरड्या दाण्यावर सोडू का मग? आणि त्यांचं पोट भरतंय की नाही हे कळणार कसं?

डॉ_शेपूट | शुक्रवार, सकाळी ९.२०

पशुवैद्य आहे, पक्षीही बघतो, म्हणून थोडं लिहितो.

पिल्लाच्या मानेच्या बाजूला पातळ कातडीखाली पिशवी असते. पिल्लं पिसं फुटण्याआधीची असली की तिच्यातले दाणे बाहेरून स्पष्ट दिसतात. संध्याकाळी, अंधार पडायच्या आधी, एकदाच हळूच बघा. पिशवी टम्म भरलेली असेल तर पिल्लू रात्र काढतं. संध्याकाळीही रिकामी दिसली तर ती काळजीची गोष्ट. दिवसातून दहा वेळा बघू नका.

कोरड्या दाण्यावर एकट्याने भागवू नका. राळे, बाजरी रात्री भिजवा, सकाळी चांगले धुवा, पाणी पूर्ण निथळा, फडक्यात बांधून जेमतेम मोड दिसू लागले की द्या. लांब मोड नकोत. सध्याच्या मुंबईच्या दमट हवेत त्यांना वास यायला वेळ लागत नाही. वास आला, चिकट लागलं, तर सरळ टाकून द्या. भिजलेलं अन्न वाटीत दोन तासांच्या वर ठेवू नका. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या फिंचमध्ये आंबलेल्या अन्नाने पोट बिघडलेले बरेच असतात.

प्रथिनांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे कडक उकडलेलं अंडं, कवचासकट बारीक किसलेलं. घरात ते चालणार नसेल तर पक्ष्यांसाठी तयार कोरडं एगफूड मिळतं, पण त्यातही अंडंच असतं, हे सासूबाईंना आधी सांगा. लपवून काही करू नका.

गिरगावचे_नाना | शुक्रवार, सकाळी १०.१०

डॉक्टर, शेवटचं वाक्य फार आवडलं.

माही, तुझ्या सासूबाईंशी बोलून बघ गं. चातुर्मासाचं व्रत त्यांचं स्वतःचं आहे. आमची आई कडक चातुर्मास करायची, पण दारच्या मांजरीचं दूध-मासळी तिने कधी बंद केलं नाही. जो ज्याचा आहार, असं म्हणायची. तुझ्या सासूबाईंना पटेलच असं नाही, आणि नाही पटलं तरी त्यांचा मान राहायला हवा. पण विचारायला काय हरकत आहे? आपण परस्पर ठरवून टाकतो की त्या नाहीच म्हणतील.

शाकाहारी_सायली | शुक्रवार, सकाळी ११.००

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून आहे. पक्षी आपण हौसेने पिंजऱ्यात ठेवायचे आणि त्यांच्यासाठी जिवंत जीव डब्यात भरून विकत आणायचे, हे मला पटत नाही. रानात पक्षी किडा खातो तो निसर्ग. घरात आपण वाढतो तेव्हा तो आपला निर्णय असतो.

रानवाट | शुक्रवार, सकाळी ११.२५

सायलीताई, तुमच्या मुद्द्याचा आदर आहे. म्हणूनच मी नवीन पाळणाऱ्याला सांगतो की घेण्याआधीच विचार करा. ज्याला अळ्या देणं जमणार नाही त्याने कॉर्डन ब्लूच्या वाटेला जाऊ नये. झेब्रा, बेंगालीज घ्यावेत, दाण्यावर आनंदात राहतात. पण एकदा वॅक्सबिल घरी आणला की त्याला त्याचं अन्न देणं आपलं कर्तव्य. आपल्या तत्त्वापायी पिल्लांनी उपाशी मरू नये.

शाकाहारी_सायली | शुक्रवार, सकाळी ११.४०

हे मान्य.

परळचा_पोपटराव | शुक्रवार, दुपारी १.१५

मी कॉर्डन ब्लू आणि झेब्रा दोन्ही पाळतो, आणि मीलवर्म घरीच वाढवतो. ज्यांना द्यायच्याच आहेत त्यांच्यासाठी लिहितो, कारण दुकानातून आणलेल्या अळ्या बहुतेक वेळा उपाशी असतात. उपाशी अळी म्हणजे नुसती साल.

पसरट प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं आणि आतून बारीक जाळी. तळाला गव्हाचा कोंडा. ओलाव्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची चकती, रोज बदलायची. बस. अळीचा कोष होतो, कोषातून काळा भुंगेरा निघतो, तो कोंड्यात अंडी घालतो. भुंगेरे वेगळ्या डब्यात काढायचे, नाहीतर ते अंडी आणि कोष खातात. आपल्याकडच्या उष्णतेत हे चक्र भराभर चालतं. खरा शत्रू दमटपणा. कोंडा ओला झाला की बुरशी, आणि बुरशीमागोमाग डोळ्यांना धुळीसारखे दिसणारे बारीक माइट. जून ते सप्टेंबर मी कोंडा आधी कढईत कोरडा भाजून, गार करून मग वापरतो. मुंग्यांसाठी आजीची युक्ती: टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत.

देताना बारीक अळ्याच द्यायच्या. नुकतीच कात टाकलेली पांढरी, मऊ अळी मिळाली तर उत्तम. मोठी, कडक सालीची झेब्राच्या कामाची नाही. सुपरवर्म नावाने मिळतो तो भलामोठा प्रकार फिंचला देऊच नका. उभ्या, गुळगुळीत काठाच्या स्टीलच्या वाटीत ठेवल्या की चढून बाहेर येत नाहीत. एका पक्ष्यामागे दिवसाला दोन-तीन बारीक अळ्या पुरतात.

लालबागची_लेक | शुक्रवार, दुपारी १.४०

पोपटराव, माझ्या काकांचं म्हणणं, अळीचं डोकं चिरडून द्यावं, नाहीतर ती पक्ष्याचं पोट आतून पोखरते. खरं का हो?

डॉ_शेपूट | शुक्रवार, दुपारी २.३०

नाही. फिंच गिळण्याआधी अळी चोचीत दाबून चिरडतो. पोटात गेल्यावर ती जिवंत राहून काही पोखरण्याचा प्रश्न येत नाही.

काळजी करायचीच तर कॅल्शियमची करा. मीलवर्ममध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, वर चरबीही बरीच. नुसत्या अळ्यांवर भर दिला तर अंडी घालणाऱ्या मादीला कॅल्शियम कमी पडतं आणि अंडं आतच अडकतं. मादी फुगून खाली बसलेली, शेपूट हलवत जोर लावत असलेली दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, लगेच डॉक्टर गाठा. अळ्या द्यायच्या आदल्या दिवशी त्यांना पालेभाज्या, गाजर खाऊ घाला आणि देताना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवा. समुद्रफेस पिंजऱ्यात कायम हवाच.

आणि एक. अंडं-अळ्या असा जड खुराक वर्षभर चालू ठेवला तर झेब्राची जोडी थांबतच नाही, एकामागून एक अंडी घालत राहते. मादी खंगते. पिल्लं स्वतः खायला लागली की खुराक कमी करा आणि घरटं काढून घ्या.

कोळीवाडा | शुक्रवार, दुपारी ३.००

समुद्रफेस दुकानातून विकत कशाला घेता? तो माकुलाच्या पाठीतला. आमच्याकडे माकूल साफ करताना निघतो. धुवून, पाण्यात दोन-तीन दिवस ठेवून पाणी बदलत राहायचं म्हणजे खारटपणा जातो, मग कडक उन्हात वाळवायचा. सध्या मासेमारी बंद आहे, १ ऑगस्टनंतर या.

चहाबाज | शुक्रवार, दुपारी ३.१०

पक्ष्यांचा धागा आणि तोंडाला पाणी माकुलाने सुटलं. :)

ठाण्याचा_तळ्याकाठी | शुक्रवार, संध्याकाळी ६.२०

मीलवर्म विकत का आणता? पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली पंखवाल्या वाळवीचा सडा पडतो. चिमण्या, कावळे, सरडे, सगळे तुटून पडतात. झाडून गोळा केली की फुकटचा खाऊ.

परळचा_पोपटराव | शुक्रवार, संध्याकाळी ६.५०

वाळवी फिंचना प्रचंड आवडते आणि आफ्रिकेत वॅक्सबिलांचं ते मोठं अन्न आहे, हे खरं. पण मुंबई-ठाण्यात नको हो. बहुतेक इमारतींमध्ये वाळवीसाठी औषध मारलेलं असतं, आणि ट्यूबलाइटखाली आलेली वाळवी कुठल्या भिंतीतून निघाली हे आपल्याला कळत नाही. एवढ्याशा फिंचला औषधाचा अंशही पुरतो. हेच झुरळं, कोळी, मुंग्या सगळ्यांना लागू.

डॉ_शेपूट | शुक्रवार, संध्याकाळी ७.१५

+१. शिवाय बाहेरच्या किड्यांतून पट्टकृमी होतात. पक्षी खातोय भरपूर आणि तरी छातीचं हाड टोचायला लागलंय, असं वाटलं तर विष्ठा तपासून घ्या. मनाने जंताचं औषध पाजू नका, फिंचचं वजन जेमतेम १२-१५ ग्रॅम असतं. डॉक्टर जवळ नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात पक्षीही बघतात. आधी फोन करून जा.

खतखजिना | शुक्रवार, रात्री ८.३०

आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या पिंपात चपट्या, करड्या-तपकिरी अळ्या होतात. ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणतात. कॅल्शियम भरपूर असतं म्हणे. त्या चालतील का?

डॉ_शेपूट | शुक्रवार, रात्री ८.५५

कॅल्शियमचं खरं आहे, त्या बाबतीत मीलवर्मपेक्षा फार चांगल्या. पण कचऱ्याच्या पिंपातल्या नकोत, कशावर वाढल्या काय माहीत. शिवाय फिंचसाठी मोठ्या आणि चिवट. वाळवलेल्या विकत मिळतात, त्यांची भुकटी भिजवलेल्या दाण्यांवर भुरभुरवता येते.

नवा_पक्षी | शुक्रवार, रात्री ९.४०

अवांतर होतंय, पण मलाही फिंच घ्यायचेत. क्रॉफर्ड मार्केटजवळ एकाने हिरव्या-गुलाबी रंगाच्या छोट्या चिमण्या दाखवल्या. स्वस्त आहेत, किडे-दाणे काहीही खातात म्हणाला. घेऊ का?

रानवाट | शुक्रवार, रात्री १०.००

अजिबात घेऊ नका. त्या रंगवलेल्या मुनिया आहेत. रानातून जाळ्याने पकडलेल्या आपल्या देशी मुनिया, वरून रंग दिलेला. लाल मुनिया असो की ठिपकेवाली, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार देशी पक्षी पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. पोपटालाही हेच लागू. पकडताना, आणताना त्यांतल्या कितीतरी मरतात, आणि उरलेल्या पिसं साफ करताना अंगावरचा रंग गिळतात. दया येऊन विकत घेतल्या तरी विकणारा उद्या तेवढ्याच पुन्हा पकडून आणतो. असं दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

झेब्रा, बेंगालीज, गोल्डियन या परदेशी जाती पाळता येतात. जावा स्पॅरो मात्र साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी मागा, आणि विकणाऱ्याकडे त्याचे आई-बाप बघायला मागा.

नवा_पक्षी | शुक्रवार, रात्री १०.१०

बापरे. बरं झालं विचारलं. धन्यवाद.

वसईचा_विनू | शनिवार, सकाळी ८.००

रानवाट, तुमचं वाचून विचार करतोय. पण माझ्या झेब्रांना अळ्या दिल्या की पिल्लं भराभर वाढतात, हे मी स्वतः बघितलंय. मग तुमचं "लागत नाही" कसं मानू?

रानवाट | शनिवार, सकाळी ८.४५

दोन्ही खरं आहे विनूदादा. अळ्यांचा फायदा होतो, विशेषतः घरट्यात पाच-सहा पिल्लं असतील किंवा जोडी पहिलटकर असेल तर. माझा आक्षेप एवढाच की "नाही दिल्या तर पिल्लं मरतील" अशी भीती घालून अळ्या विकू नयेत. मोड आलेले दाणे, कोवळं गवत आणि अंडं मिळालं तर झेब्रा पिल्लं व्यवस्थित वाढवते. आणि मूळ धाग्यातल्या घरात अळ्या आणायच्या नाहीत, तर आपण त्यांना आहे त्यात मार्ग दाखवायला हवा.

माही, आत्ता पाऊस पडतोय, सगळीकडे गवत उगवलंय. लवकरच तुरे येतील. सावा वगैरे गवतांचे कोवळे तुरे, दाणा दाबल्यावर दूध निघतं असे, पेंडी बांधून पिंजऱ्यात टांगा. झेब्राचं खरं रानातलं अन्न हेच. फक्त रेल्वेरुळांच्या कडेचं, नाल्याकाठचं, सोसायटीने तणनाशक मारलेलं नको. नॅशनल पार्कातून काही तोडून आणू नका. सगळ्यात बरं म्हणजे दोन कुंड्यांत राळे पेरा. तुरे यायला दोनेक महिने लागतील, पुढच्या वेळी घरचेच मिळतील.

मुलुंडची_माही | शनिवार, रात्री ९.३०

नानांचं ऐकून आज सासूबाईंशी बोलले. डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, अंड्याचंही. अळ्या घरात नकोत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. अंड्याबद्दल बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, स्वयंपाकघरात उकडायचं नाही, ताट-वाटी वेगळी, आणि ते तू आणि तुझी लेक बघा. शेजारच्या मॅथ्यूकाकी रोज सकाळी अंडं उकडतातच, त्यांनी एक आमच्यासाठी उकडायचं कबूल केलंय.

मोड आलेल्या दाण्यांचं काम तर सासूबाईंनी आपणहून घेतलं. मटकीला मोड आणायचा त्यांचा हात आहेच. आज संध्याकाळी पिशव्या पाहिल्या, चारही पिल्लांच्या भरलेल्या.

गिरगावचे_नाना | शनिवार, रात्री ९.४५

शाब्बास! सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

डॉ_शेपूट | शनिवार, रात्री १०.०५

उत्तम. चिमूटभरच अंडं, सकाळी लवकर, आणि दोन तासांत वाटी बाहेर. साधारण अठरा ते वीस दिवसांची झाली की पिल्लं घरट्याबाहेर पडतील. त्यानंतरही दोन-तीन आठवडे बाप भरवत असतो, तोवर वेगळी करू नका.

लालबागची_लेक | रविवार, सकाळी ११.१५

इथे वाचून पोपटरावांना एक विचारायचंय. काकांच्या कॉर्डन ब्लूच्या जोडीने अंडी घातलीत. मीलवर्म त्यांच्या अगदी लहान पिल्लांना मोठे पडतील असं वाटतं. काय द्यायचं?

परळचा_पोपटराव | रविवार, दुपारी १२.३०

पहिल्या दिवसांसाठी फळमाशी. अंडी फुटण्याच्या दोन आठवडे आधी तयारी लागते, तेव्हा आजच लावा. काचेच्या बरणीत जास्त पिकलेलं केळं कुस्करून घाला, वर चिमूटभर बेकरीचं यीस्ट, आणि कोषांना चिकटायला कोरड्या कागदाचा बोळा. दिवसभर उघडी ठेवा, या दिवसांत माश्या बोलवायला लागत नाहीत. मग तोंडाला सुती कापड बांधा. दहा-बारा दिवसांत नवी पिढी निघते. जास्तीचं पाणी सुटलं तर कोरडा कोंडा घाला, नाहीतर सगळं सडतं.

पिंजऱ्यात बरणी ठेवताना कापडाला पेन्सिलीएवढं एकच भोक पाडा, माश्या थोड्याथोड्या बाहेर येतात आणि पक्षी तिथेच टपून बसतात. जाळीतून काही घरात येतीलच, तेव्हा काकूंना आधी कल्पना द्या. दर चार दिवसांनी नवी बरणी लावत राहा, पिल्लं घरट्यात असेपर्यंत खंड पडता कामा नये. माझ्याकडे चालू बरण्या आहेत. काकांना परळला पाठवा, एक देतो.